पाच ते नऊ: मेंदूसाठी खाणं बदलायचं तर सुरुवात कुठून करायची

आमच्या आईचा आजार पहिल्यांदा आमटीत दिसला. मीठ दोनदा पडलं. महिन्याभराने एकदा अजिबातच पडलं नाही. मग एका रविवारी ती फोडणीची पळी हातात घेऊन गॅससमोर नुसती उभी राहिली आणि मला म्हणाली, "गो, आता हेच्यात फुडे काय घालूचा?" चाळीस वर्षं रोज तिखलं आणि सोलकढी करणारी मालवणी बाई. आम्ही हसलो. वयामुळे होतं, म्हणालो. डॉक्टरकडे जायला त्यानंतर दीड वर्ष गेलं.

मी डॉक्टर नाही. फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते, मुलुंडहून ये-जा करते. आई गेल्यावर "आता माझं काय?" हा प्रश्न मानगुटीवर बसला. तेव्हापासून वाचन, डॉक्टरांना छळणं आणि स्वयंपाकघरात उलटसुलट प्रयोग चालू आहेत. हल्ली ओळखीपाळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो: "आईला अल्झायमर निघालाय, मी काय खाऊ?" त्या फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या, अजून धडधाकट असलेल्या आणि या विषयात नव्याने शिरणाऱ्या माणसासाठी.

आधी हिशेब: काय मिळेल, काय नाही

अल्झायमर हमखास टाळणारा एकही पदार्थ जगात नाही. जो कुणी तसं सांगतो, त्याच्याकडे विकायला बहुधा एखादी बाटली असते.

या आजारात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिनं साचत जातात आणि हे साचणं विसरायला लागण्याच्या १५-२० वर्षं आधी सुरू होतं. सत्तरीत जे दिसतं त्याची सुरुवात पन्नाशीत झालेली असते. वय आणि आईबापांकडून आलेली जनुकं आपल्या हातात नाहीत. पण २०२४ साली लॅन्सेट आयोगाने, म्हणजे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी, हातात असलेल्या १४ गोष्टींची यादी काढली आणि सांगितलं की त्या सगळ्या सांभाळल्या तर जगभरातले डिमेन्शियाचे (स्मरणशक्ती आणि बुद्धी ढासळण्याचा आजार, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) साधारण ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाऊ शकतो. मी ती यादी अधाशासारखी उघडली तेव्हा चक्रावलेच. तिच्यात "आहार" नव्हताच! रक्तदाब होता, मधुमेह होता, वाईट कोलेस्टेरॉल होतं, लठ्ठपणा होता. खाणं येतं ते या चौघांच्या मागून. मेंदूचं वेगळं असं पथ्य नाही. हृदयाच्या डॉक्टरने वडिलांना जे सांगितलं होतं, जवळपास तेच.

मग तो प्रसिद्ध "माइंड डाएट"? शिकागोच्या रश विद्यापीठात मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला: पालेभाजी, डाळी, अख्खी धान्यं, सुकामेवा, बेरी, मासे जास्त आणि तळलेलं, गोड कमी. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात हा आहार काटेकोर पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसलं, बऱ्यापैकी पाळणाऱ्यांमध्येही ३५ टक्क्यांनी. व्हॉट्सॲपवर फिरतो तो हाच ५३ चा आकडा. पुढची गोष्ट तिथे फिरत नाही. त्या अभ्यासात लोक आपणहून काय खातात ते फक्त पाहिलं होतं, आणि रोज पालेभाजी खाणारा माणूस सहसा चालायलाही जातो, सिगरेटही ओढत नाही. २०२३ मध्ये ६०४ जणांवर तीन वर्षं रीतसर चाचणी झाली. एका गटाला माइंड डाएट, दुसऱ्याला नेहमीचंच खाणं, आणि दोघांनाही थोडं कमी खायला सांगितलेलं. दोन्ही गटांची स्मरणशक्ती किंचित सुधारली, पण दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

निराश होऊ नका. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे व्यायाम आणि रक्तदाब-साखरेवर नजर असं सगळं एकत्र दिलं. २०१५ साली निकाल आला: एकूण बौद्धिक चाचणीतली त्यांची सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. म्हणून खाण्याच्या एकट्याच्या डोक्यावर सगळा भार टाकू नका. बाकीच्यांबरोबर ते कामाला येतं.

पायरी पहिली: रक्त तपासा, औषधांची पट्टी उलटून बघा

डाळ-भाजीकडे जाण्याआधी एकदा रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि बी-१२ एवढं तपासून घ्या. खासगी लॅबचा खर्च नको असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात जा. चाळिशीपासून वरचा रक्तदाब १३० किंवा त्याखाली ठेवायचा प्रयत्न करा, असं लॅन्सेट आयोग म्हणतो. माझा १४८ निघाला होता आणि मला काहीही होत नव्हतं. कळत नाही, हाच त्याचा त्रास.

बी-१२ वर जरा थांबते, कारण आपल्याकडे ही भानगड फार आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. शुद्ध शाकाहारी आणि त्यात दूधही बेताचंच, अशा घरात ते हळूहळू उतरत जातं. मग पायाला मुंग्या येतात, थकवा येतो आणि विसरायलाही होतं. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या, माळकरी. वर्षभर नावं विसरत होत्या. घरात आधीच एक अल्झायमर होऊन गेलेला, त्यामुळे आमच्या पोटात गोळा. बी-१२ तपासलं तर ११० निघालं. २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत बाई भिशीचे हिशेब पुन्हा तोंडी करू लागल्या. प्रत्येकाचं असं होत नाही. पण विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात, आणि तपासल्याशिवाय ती सापडत नाहीत.

आणखी एक. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी, या दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ कमी होऊ शकतं. मुंबईत दुसरी गोळी लोक चहाआधी सवयीने गिळतात, कुणी लिहून दिली होती तेही आठवत नसतं. स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना पट्टी दाखवून विचारा.

पायरी दुसरी: तीन दिवस नुसतं लिहा

काहीही न बदलता तीन दिवस, त्यात एक रविवार, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून काढा. चहातली साखरसुद्धा. स्वतःशी खोटं बोलू नका, ती वही कुणी बघणार नाहीये.

माझ्या वहीत सकाळ एकदम सोज्ज्वळ होती. पोहे, डब्यात पोळी, भाजी, उसळ, ताक. दुपारी दोनपर्यंत मी आदर्श. मग ५:०० कॅन्टीनचा चहा, खारी. ६:१० सीएसएमटीला वडापाव. ७:३० घरी आल्याआल्या डब्यातलं फरसाण, उभ्याउभ्या, पर्स खांद्यावर असतानाच. ९:४५ ला जेवण आणि भूक नसल्यामुळे नुसता वरणभात, भाजी तशीच फ्रिजमध्ये. पुढे मैत्रिणींना लिहायला लावलं. वहीवर नाव झाकलं तर कुणाची कुठली ओळखू येऊ नये इतक्या त्या सारख्या!

आपलं मराठी ताट वाईट नाही. भाकरी, पालेभाजी, डाळ, उसळ, कोशिंबीर, चटणी: शिकागोच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी त्यात आजीच्या वेळेपासून आहेत. मुंबईकराचा आहार बिघडतो तो संध्याकाळी पाच ते रात्री नऊमध्ये. म्हणून नाश्त्याला ओट्स आणून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, आधी हे चार तास हातात घ्या.

पायरी तिसरी: पाच ते नऊ

वडापावशी माझं वैर नाही. पण मैद्याचा पाव, बटाटा आणि दिवसभर तापत राहिलेलं तेल हे आठवड्यातून पाच वेळा म्हणजे जास्तच. माइंडच्या यादीत तळलेलं खाणं आठवड्याला एकदापेक्षा कमी आहे. ब्राझीलमध्ये दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरदारांना सुमारे आठ वर्षं तपासत राहिले. ज्यांच्या रोजच्या उष्मांकातला पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कारखान्यातल्या पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यातून येत होता, त्यांची बौद्धिक घसरण जास्त वेगाने झाली. हाही नुसता पाहिलेला अभ्यास, पण नोकरदार लोकांचा, म्हणून मला जरा जास्त लागला.

उपाय एकच चालतो: भूक लागायच्या आधी काहीतरी पोटात टाकणं. साडेचार-पाचला, चहाबरोबर. माझ्या ड्रॉवरमध्ये फुटाणे आणि सालासकट भाजलेले शेंगदाणे असतात, एक मूठ पुरते. कधी डब्याच्या वरच्या पुड्यात मोड आलेल्या मटकीत कांदा, टोमॅटो, लिंबू. कधी पेरू. पेरूवाल्याला मीठ-मसाला नको म्हणून सांगावं लागतं, आणि तो दरवेळी दुखावतो. एवढं खाऊन स्टेशनवर आलं की वड्याचा वास येतो, पण पाय थांबत नाहीत. निदान रोज थांबत नाहीत. अगदीच राहवलं नाही तर सुकी भेळ, शेव कमी, कांदा-कोथिंबीर जास्त.

फरसाणाचा डबा ओट्यावरून हलवा. आम्ही तो माळ्यावर टाकला, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. विनोदी वाटतं, पण चार दिवसांचं पाकीट तीन आठवडे टिकायला लागलं.

चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. साखर एकदम बंद करू नका, चहा बेचव लागतो आणि आठवड्यात जुनं सगळं परत येतं. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही.

आणि रात्रीचं जेवण. लोकलच्या माणसाला सात वाजता जेवा म्हणणाऱ्यांनी एकदा कर्जत लोकलने घरी जाऊन दाखवावं. पण सकाळी डब्याची भाजी करताना तीच थोडी जास्त केली आणि कणीक मळून ठेवली, तर नऊच्या आत पानं घेता येतात. भाजी पानात आधी, भात शेवटी.

पायरी चौथी: मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा

चमचे मोजायच्या फंदात कुणीही दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. सोपी युक्ती अशी: मिठाचा किलोचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख टाका, तेलाच्या कॅनवरही. संपतील तेव्हा भागाकार करा.

आम्ही चौघं. पहिला पुडा बरोबर ३० दिवसांत संपला. १००० भागिले चार, भागिले तीस: माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, पाव यांतलं मीठ धरलेलंच नाही. मर्यादा ५ ग्रॅमची आहे. मीठ वाढलं की रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाब मेंदूतल्या बारीक नळ्या वर्षानुवर्षं झिजवतो. आता आमचा पुडा सात आठवडे जातो. भातात आणि कणकेत मीठ घालणं बंद केलं, पानात वरून मीठ वाढायची पद्धत मोडली. कोकम, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर हात सैल सोडून घालते. आंबटपणा असला की जीभ मीठ मागत नाही. सासूबाई महिनाभर "अळणी" म्हणत जेवल्या. मग एका लग्नात जेवून आल्या आणि म्हणाल्या, "काय गं ते खारट!"

तेलाचंही तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या ताटात दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप आहे, म्हणजे चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर. तुमचा पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर कुठे चाललंय ते शोधा. बहुतेक रविवारच्या कढईत. ऑलिव्ह तेल आणायची गरज वाटत नाही मला, किंमत बघूनच रक्तदाब चढतो. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी आलटून-पालटून वापरा. वनस्पती तूप घरात नको. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तापवू नका. साजूक तुपाचा एक चमचा वरणभातावर चालतो, त्यावरून घरात महाभारत करू नका.

पायरी पाचवी: पालेभाजी, आठवड्यातून सहा वेळा

ताटातली एकच गोष्ट बदलायची असेल तर ही बदला. रश विद्यापीठाच्याच आणखी एका अभ्यासात, २०१८ साली, सरासरी ८१ वर्षांच्या ९६० लोकांना जवळजवळ पाच वर्षं पाहिलं. रोज एक वाढप पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती, जवळपास न खाणाऱ्यांच्या मानाने, ११ वर्षांनी तरुण असल्यासारखी टिकली. तेव्हा तिकडे बिचाऱ्यांना पालक, केल आणि लेट्युस एवढंच. आपल्याकडे मेथी, लाल माठ, चवळई, शेपू, अंबाडी, चुका, चाकवत, अळू, शेवग्याचा पाला. पाऊस सुरू झाला की बोरिवली, दादर, ठाण्याला स्टेशनबाहेर डहाणू-पालघरकडून आलेल्या बाया टोपल्या घेऊन बसतात: टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं. त्यांनाच विचारा कशी करायची ते. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, बोंडारा किंवा काकडं घालून करायची हे मला अशाच एका मावशीने शिकवलं, भाजीच्या पैशांत.

अडचण खाण्यात नाही, निवडण्यात आहे. नोकरीवरून आल्यावर मेथीच्या दोन जुड्या बघितल्या की रडू येतं. म्हणून शनिवारी रात्री टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरायचं आणि घरातल्या सगळ्यांना बसवायचं, नवऱ्यालाही. निवडलेली भाजी धुवायची नाही. कोरडीच सुती कपड्यात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये. मेथी, शेपू, माठ चार दिवस सहज जातात. करायच्या दिवशी तीन-चार पाण्यांतून धुवा. देठ फेकू नका, माठाच्या जाड देठांची डाळ घालून वेगळी भाजी होते.

वाटीभर शिजलेली भाजी म्हणजे झालं. भाजी म्हणूनच हवी असंही नाही. मुगाच्या डाळीत मूठभर पालक, थालीपिठात शेपू, डाळमेथी, अळूचं फदफदं. अळूवडी तळायच्या आधी उकडलेली असते, तिथेच थांबून नुसत्या फोडणीवर परतली तरी छान लागते. पावभाजीवर पेरलेली कोथिंबीर मात्र पालेभाजीत धरू नका.

पायरी सहावी: बांगडा, नाहीतर जवस

मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए, म्हणजे ओमेगा-३ या चांगल्या चरबीतला एक प्रकार, भरपूर असतं आणि ते तेलकट माशातून मिळतं. माइंड डाएट आठवड्यातून एकदा मासे एवढंच मागतो. परदेशी लेखांत सॅमन वाचून लोक मॉलमध्ये जातात. अहो, बांगडा! तारली, पेडवे! पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त आणि या कामाला सरस.

घेताना कल्ला उचलून बघा, लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा चमकता आणि फुगीर. बोटाने दाबलं तर खड्डा भरून आला पाहिजे. माझी नेहमीची कोळीण मला हात लावू देत नाही, "मी देतंय ना तुला, ताय," म्हणते, आणि मी तरी लावते. बांगड्याचं तिरफळ घालून तिखलं करा किंवा तव्यावर चमचाभर तेलात रव्याशिवाय भाजा. खोल तळला की अर्धा फायदा तेलात गेला म्हणून समजा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते आणि मागून श्रावण येतो, तेव्हा दोन-तीन महिने खाली लिहिलंय त्यावर भागवा. सुक्या बांगड्यावर मात्र नको, त्यात मीठ फार असतं.

माळकरी मंडळींसाठी जवस. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, शरीर त्याचं थोडंच डीएचए करतं, पण थोडं का होईना. अख्खं जवस खाऊ नका, तसंच बाहेर पडतं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण, सुकी मिरची, आमसूल घालून जाडसर कुटा. आठ-दहा दिवसांपुरतीच करा, नंतर खवट होते. रोज चमचा-दीड चमचा भाकरीबरोबर. आठवड्यात चार-पाचदा दोन अक्रोडही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने डिमेन्शिया टळतो असं चाचण्यांतून निघालेलं नाही, तो खर्च बांगड्यावर करा.

उरलेलं ताट

ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी किंवा चोकरासकट कणकेची पोळी, डाळ-उसळ रोज. हे बहुतेकांचं असतंच. माइंडमध्ये बेरी आहेत: अभ्यास ब्लूबेरी-स्ट्रॉबेरीवर झालेत. जांभळात आणि करवंदात तसलेच जांभळे रंग आहेत, म्हणून मी मोसमात खाते; त्यावर कुणी छातीठोक आकडे सांगितले तर विश्वास ठेवू नका. उपासाला साबुदाणा खिचडीऐवजी वरई किंवा राजगिरा. "थोडी वाइन चांगली असते" हे आता विसरा; घेत नसाल तर मेंदूसाठी सुरू करू नका.

काय विकत घेऊ नये

जिन्कगोच्या गोळ्या: अमेरिकेत ३०६९ ज्येष्ठांवर चाचणी झाली, २००८ साली निकाल आला, डिमेन्शिया कमी झाला नाही. खोबरेल तेलाचे चमचे: पुरावा नाही, कोलेस्टेरॉल मात्र वाढतं. हळदीच्या महागड्या कॅप्सूल: हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी जातं, आमटीत घालता तेवढी हळद पुरे. भिजवलेले पाच बदाम निरुपद्रवी आहेत, शेंगदाणेही चालतात. आईच्या वेळी आम्ही एका "ब्रेन टॉनिक"वर वर्षभर दरमहा अडीच हजार घातले. लेबल नीट वाचलं तेव्हा साखर दुसऱ्या नंबरवर होती.

ज्यांनी हे जसंच्या तसं करू नये

रक्त पातळ ठेवायला वॉरफरीन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. तिच्यातलं व्हिटॅमिन के औषधाच्या उलट काम करतं, डॉक्टरांशी बोलून रोज सारख्याच प्रमाणात ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे भाजी-फळांचं गणितच वेगळं. आणि पंच्याहत्तरीच्या पुढचं, वजन उतरत चाललेलं माणूस घरात असेल तर त्याचं तूप-साखर तोडायला जाऊ नका, त्याच्या पोटात चार घास जाणं महत्त्वाचं.

घरात कुणी आधीच विसरायला लागलं असेल तर डाएट राहू द्या, आधी डॉक्टर. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मेंदूविकाराच्या ओपीडी आहेत. जाताना त्या माणसाबद्दल दिसलेल्या गोष्टी तारखांसकट कागदावर न्या. आम्ही नेला नव्हता, आणि डॉक्टरांनी "कधीपासून?" विचारल्यावर तीन भावंडांनी तीन वर्षं सांगितली. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली आलोइस अल्झायमर या डॉक्टरने ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंबद्दल अशाच बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्या जेवत होत्या, पानात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाता, विचारल्यावर म्हणाल्या, "पालक." मला ते वाचताना पळी घेतलेली आई दिसली.

ताटाबाहेरचं दोन ओळींत: रोज अर्धा तास भराभर चाला, कमी ऐकू येत असेल तर लाज न धरता मशीन लावा, तंबाखू-सिगरेट सोडा, माणसांत राहा. चौदांच्या यादीत हे सगळं आहे.

पहिल्या आठवड्यात फक्त वही आणि रक्ततपासणी. दुसऱ्यात पाचचा खाऊ आणि फरसाणाचा डबा माळ्यावर. तिसऱ्यात मिठाच्या पुड्यावर तारीख. पालेभाजी आणि बांगडा त्याच्या पुढे, एका महिन्याला एक बदल या बेताने. तीन महिन्यांनी रक्तदाब, आणि कमी असेल तर बी-१२, पुन्हा बघा आणि त्याच वहीत पुन्हा तीन दिवस लिहा.

माझी मागची तिमाही नोंद: गुरुवार, ६:१०, सीएसएमटी, वडापाव एक. कंसात लिहिलंय, "गाडी वीस मिनिटं लेट."